क्रोमियमपाशी खोकला

तोच खोकला पुन्हा त्याच जागी आला, तेव्हा माझ्या हातातली चिंच परातीत पडली.

रेवाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, सपाट, एका लयीत. स्कँडियम, थ्री डी वन, फोर एस टू. टायटॅनियम, थ्री डी टू, फोर एस टू. व्हॅनेडियम, थ्री डी थ्री, फोर एस टू. मग "क्रोमियम" म्हणून आवाज अडला. बारीकसा खोकला आला. मग थ्री डी फाइव्ह, फोर एस वन. हे सगळं मी थोड्या वेळापूर्वी ऐकलं होतं. अडणं तेवढंच, खोकला तसाच, आणि खोकल्याच्या मागं लांबवर टमाटेवाल्याच्या गाडीचा भोंगा. गल्लीत त्या वेळी गाडी नव्हती. मार्चच्या भर दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. आणि माणूस दोनदा एकसारखा खोकत नाही.

मी उठले आणि दार ढकललं. कडीला चिंच लागली. आत पंखा फिरत होता, पुस्तकाची पानं फडफडत होती. उशीवर फोन पडला होता आणि तो माझ्या नातीच्या आवाजात पुढं म्हणत होता, मँगनीज, थ्री डी फाइव्ह, फोर एस टू. रेवा नव्हती. मागच्या बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. तिच्या चपला पलंगाखाली तशाच होत्या.

तिची मैत्रीण लावण्या जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कशी गेली ते मी लिहिणार नाही. स्वतःहून गेली, एवढं पुरे.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. यंदाही फेब्रुवारी संपता संपता नवी चिंच आली. विद्यानगरच्या आमच्या घरात वर्षाची चिंच मार्चमध्ये भरून ठेवतात. चिंचोके काढायचे, शिरा ओढायच्या, मिठाचा हात लावून बरणीत दाबायची. हात आठवडाभर काळे राहतात. याच दिवसांत चौकात कॉलेजांच्या मोठमोठ्या पाट्या लागतात. पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या फोटोखाली मार्क. सगळ्या पोरी सारख्या दिसतात, दोन वेण्या आणि चष्मा. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षा सुरू होतात. करंजाची पानं गळून रस्ताभर पडतात आणि रिक्षा गेली की मागं धावतात. मला चिंचेचा वास आला की क्रोमियम ऐकू येतं. मी आठवत बसते असं नाही. मला बसून आठवायला वेळही नसतो. कान आपला आपण तिकडं जातो.

मी चौथी शिकले. आमचं माहेर जुन्या शहरात, शालिबंड्याला. वडील कोर्टात मुन्शी होते. मुलींची मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढं सगळं उर्दूत, आणि लांब. घरात म्हणाले, झालं तेवढं बास. पण शाळा सुटली तरी परवचा सुटला नाही. दिवेलागणीला आम्ही भावंडं भिंतीशी ओळीनं बसायचो आणि मोठ्यानं म्हणायचो. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, मग स्तोत्रं. मनातल्या मनात म्हटलेलं वडिलांना चालत नसे. आणि एक नियम होता. म्हणणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. टोकलं तर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. त्यामुळं परवचा चालू असताना घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. आई स्वयंपाकघरात असायची. तिला पाढ्यांतलं काही कळत नव्हतं. आवाज चालू आहे म्हणजे पोर जागेवर आहे, एवढं तिला कळायचं, आणि तिला तेवढंच हवं असायचं.

मी तेच सासरी आणलं. माझ्या दत्ताला तसंच शिकवलं, त्याच्या रेवालाही. शेजारपाजारची तेलुगू मुलं ओठ हलवून अभ्यास करतात. आमची ओरडून करतात. शेजारीण सकाळी फाटकातूनच विचारायची, "मामी, आज हिस्ट्री है क्या?"

रेवा इंटरला गेली तेव्हा तिला हॉस्टेलात ठेवलं. कुकटपल्लीच्या बाजूला कॉलेज, तिथंच वर हॉस्टेल. दत्ता रेल्वेत, सून मीनल शाळेत शिकवते. दोघांचंही मत पडलं की घरी अभ्यास होत नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी ठेवाच म्हणाले असते. सगळेच ठेवत होते. तिथं दर आठवड्याला परीक्षा व्हायची. मार्क कमी पडले की सेक्शन बदलायचा, आणि सेक्शन बदलला की मजला बदलायचा. पोरगी आपली ट्रंक उचलून जिन्यानं खाली जायची. मार्क वाढले की ट्रंक घेऊन वर. रेवा सांगायची की रविवारी संध्याकाळी जिन्यात ट्रंका घासल्याचा आवाज येतो, आणि कुणी कुणाकडं बघत नाही.

लावण्या आणि रेवा बरेच महिने एका खोलीत टिकल्या. खोलीत लोखंडी पलंग, एकावर एक. वर लावण्या, खाली रेवा. लावण्याचं गाव लांब होतं, थोड्या सुट्टीत जाऊन येणं जमायचं नाही, म्हणून दसऱ्याला रेवा तिला आमच्याकडं घेऊन आली. काटकुळी पोरगी, तेलानं चपचपीत वेणी, बोलणं भरभर. मला पहिल्या दिवसापासून नानम्मा म्हणायला लागली. तेलुगूत बापाच्या आईला नानम्मा म्हणतात, आणि वरणाला पप्पू. पहिल्याच जेवणाला तिनं आमटीचा घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"नानम्मा, ये पप्पू में शक्कर कौन डाला?"

"साखर नाही, गूळ आहे. चुपचाप खा."

"हौ, खाती. पर ये पप्पू नहीं, पायसम है."

रेवा हसून हसून ठसकली. लावण्यानं आमटी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा मी म्हणाले, आता पायसम संपलं.

अणूचा धडा मी त्या दोघींकडून ऐकला, पोळ्या लाटताना. मला समजावून सांगावं म्हणून त्या सांगत नव्हत्या. मोठ्यानं सांगितलं की पाठ होतं, म्हणून सांगत होत्या. समोर मी होते. मी नसते तर फ्रिजला सांगितलं असतं.

"आज्जी, इलेक्ट्रॉनचा पत्ता असतो, चार आकड्यांचा," रेवा म्हणाली. "पहिला आकडा म्हणजे मजला. दुसरा, खोली कसल्या आकाराची. तिसरा, खोलीचं तोंड कुठल्या दिशेला. चौथा, वरचा पलंग का खालचा."

"आणि दोघांचा पत्ता एकच असला तर?"

"नसतोच. चारही आकडे सारखे कधीच नसतात. एक तरी वेगळा पाहिजेच."

"हम दोनों के तीन सेम हैं, नानम्मा," लावण्या कणकेचा गोळा दाबत म्हणाली. "चौथा देखो. मैं ऊपर, ये नीचे."

"आणि खालची घोरली तर?"

"तो ऊपरवाली लात मारती."

तो चौथा आकडा अर्धा असतो. एकाचा अर्धा आणि दुसऱ्याचा उणे अर्धा. मला निमकी पाठ होती, अर्धं काय ते मला पक्कं माहीत होतं. पण उणे अर्धं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? त्या म्हणाल्या, नाही, गणितानं काढलंय. मी म्हणाले, बरं. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं, तिथंही बरंच काही असंच चालायचं.

दुपारी दोघी रेवाच्या खोलीत बसल्या. रेवाचा फोन घरीच असायचा, हॉस्टेलात न्यायला बंदी. त्या फोनवर आपलंच पाठांतर भरून घेऊन पुन्हा ऐकत होत्या, चुका काढत होत्या. मध्येच हसत होत्या. बाहेर टमाट्याची गाडी आली. हल्ली गाडीवाला ओरडत नाही, त्याचा आवाज भरलेला भोंगा ओरडतो. रेवा खिडकीतून बघून म्हणाली, "आज्जी, बघ ना, माणूस कोपऱ्यावर चहा पितोय आणि गाडी इथं बोंबलतेय." आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

संक्रांतीनंतर लावण्याचे मार्क घसरले. तिला ट्रंक उचलायला सांगितलं. ती खाली गेली आणि त्याच आठवड्यात हे झालं. कॉलेजनं तिच्या घरी फोन करून आधी सांगितलं, तब्येत बरी नाही. ट्रंक घेऊन जाताना ती रेवाला काय म्हणाली, हे मी पुष्कळदा विचारलं. रेवा म्हणाली, काही नाही, तिनं फक्त उशी मागितली, रेवाची मऊ होती म्हणून. रेवानं दिली.

आम्ही रेवाला घरी आणलं. वरच्या रिकाम्या पलंगाखाली तिला झोप येईना. कॉलेज म्हणालं, परीक्षा तोंडावर आहे, घरी अभ्यास करू दे, फक्त पेपरला पाठवा. आली तेव्हा ती रडत नव्हती. जेवत होती, अंघोळ करत होती, खोलीत जाऊन म्हणत होती. आम्हाला तेवढं पुरलं. दत्ता कामावरून आला की दारातून विचारायचा, "म्हणतेय ना?" मी म्हणायची, "म्हणतेय." मग तो चपला काढायचा. मीनलला नातेवाइकांचे फोन यायचे. ती आपला फोन रेवाच्या दाराकडं धरायची. "ऐका ना तुम्हीच. सावरलीये ती." पलीकडचे ऐकायचे आणि म्हणायचे, देवाची कृपा.

दार कुणी उघडत नसे. मध्ये टोकायचं नाही.

मला आतून अधूनमधून खोकला ऐकू यायचा. घसा बसला असेल म्हणून मी हळद-मध करून टेबलावर ठेवायची. रेवा येऊन पिऊन जायची. 

एकदा ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर सांडलेल्या पिठात बोट फिरवून तिनं एक आकृती काढली. डमरूसारखी, दोन फुगे आणि मध्ये बारीक.

"हे पी," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉन या फुग्यात सापडतो. त्या फुग्यात सापडतो. ही जी मधली जागा आहे ना, तिथं कधीच सापडत नाही. शून्य."

"मग इकडून तिकडं जातो कसा? मधून गेल्याशिवाय?"

"लावण्यानं हेच विचारलं होतं वर्गात."

"मग?"

"सर म्हणाले, जातो असं म्हणायचंच नाही. दोन्हीकडं असतो असं म्हणायचं. आणि हे परीक्षेत येत नाही."

तिनं हातानं पीठ सारखं केलं आणि खोलीत गेली. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. मी पिठावरची तिच्या हाताची खूण बघत राहिले. आमटीला पायसम म्हणणारी पोरगी संक्रांतीला होती. मग नव्हती. मधलं कुणी पाहिलं नाही. त्या रात्रीपासून मला ती आकृती दिसायला लागली. डोळे मिटले की दोन फुगे, आणि मध्ये कुणी नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण तेव्हापासून मी दिवा ठेवून झोपते.

तर त्या दुपारी मी खोलीत उभी होते आणि फोन म्हणत होता, लोखंड, थ्री डी सिक्स. लोखंडाला तो इंग्रजीत आयर्न म्हणत होता, मला लोखंड ऐकू आलं. मी रोज स्वयंपाकघरात बसते, तिथं नुसती गुणगुण पोचते. त्या दिवशी आत फार उकडत होतं, म्हणून परात घेऊन तिच्या दाराशी बसले होते. एरवी मला काही कळलं नसतं.

बाल्कनीतून लोखंडी जिना गच्चीवर जातो. टाकी धुणाऱ्यासाठी केलेला, अरुंद आणि गोल. मी त्यावर कित्येक वर्षं पाय ठेवला नव्हता. मी पलंगाखालच्या चपला उचलल्या. का उचलल्या ते मला सांगता येत नाही. हाक मारली नाही. ती कुठं उभी असेल ते मला माहीत नव्हतं, आणि दचकवायचं नव्हतं. जिन्याचा कठडा तव्यासारखा तापला होता. चिंचेचे हात त्याला चिकटत होते, सोडवून पुढं ठेवायचे. वर जाताना माझ्या डोक्यात दुसरं काहीही आलं नाही. क्रोमियमनंतर मँगनीज, मँगनीजनंतर लोखंड, कोबाल्ट, निकेल, एवढंच चाललं होतं. पाठ झालेलं असं वेळी-अवेळी चालू होतं, त्याला लाज नसते.

रेवा टाकीच्या मागं बसली होती. भिंतीला पाठ, पाय पोटाशी, कठड्यापासून लांब. कठड्यापासून लांब आहे हे मी आधी पाहिलं. वरच्या भाडेकरणीनं लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांचा खाट नाकात जात होता.

मी चपला तिच्यापुढं टाकल्या. "पाय भाजतील."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तू वर कशी आलीस?"

"जिन्यानं."

"आणि गुडघे?"

"त्यांनाही आणलं."

मी तिच्याशेजारी बसले. बसले म्हणजे पडलेच. थोडा वेळ मला श्वासच पुरेना. मग म्हणाले, "खाली तुझा फोन जस्तापर्यंत पोचला असेल."

"कसं कळलं तुला?"

"क्रोमियमला तू दोनदा सारखीच खोकलीस."

तिचा चेहरा बदलला. "मी नाही खोकले, आज्जी."

"मी माझ्या कानानं ऐकलं."

"ती लावण्या आहे."

मग तिनं सांगितलं. अभ्यासाच्या तासाला हॉस्टेलात बोलायला बंदी. रेवा खालच्या पलंगावर पुटपुटत म्हणायची आणि दर वेळी क्रोमियमला अडायची. चढत्या हिशोबानं तिथं थ्री डी फोर यायला हवं, पण येत नाही. क्रोमियम तिथं नियम मोडतं, कारण सगळ्या खोल्यांत एकेक जण असलेलं त्याला जास्त स्थिर वाटतं. रेवा नेमकी तिथं घोटाळायची, आणि वरच्या पलंगावरून लावण्या खोकायची. खूण तेवढीच. वॉर्डनबाईला वाटायचं, पोरीला सर्दी झालीय. दसऱ्याला घरी फोनवर भरून घेतलं, तेव्हाही सवयीनं खोकली. तेच रेकॉर्डिंग.

म्हणजे इतके दिवस आमच्या घरात लावण्या खोकत होती, आणि मी रेवासाठी हळद-मध करत होते.

"मरायला आलीस का वर?" मी विचारलं.

असं विचारू नये म्हणतात. मला दुसरं कसं विचारायचं ते येत नव्हतं. पुढं ज्या डॉक्टरीणबाईकडं तिला नेलं त्या म्हणाल्या, असंच विचारायचं असतं, सरळ.

रेवानं मिरच्यांकडं बघितलं. "मला माहीत नाही, आज्जी."

"रोज येतेस?"

"रोज नाही. खाली बसलं ना, की वर कूस बदलल्याचा आवाज येतो. पलंग करकरतो."

"तुझ्या खोलीत वर पलंग कुठाय?"

"तेच ना." ती हसली, पण ते हसू मला नको होतं. "इथं वर काहीच नाही. नुसतं आभाळ. म्हणून येते. पण इथं आलं की कधी कधी दुसरंच येतं मनात. मग मी टाकीमागं येऊन बसते. इथून कठडा दिसत नाही."

मी तिचा हात धरला.

"ई, आज्जी, चिंच आहे हाताला."

"असू दे. चिकटू दे."

"सोड ना."

"नाही सोडत."

तिनं हात ओढून बघितला, मग सोडून दिला, माझ्याच हातात. मग ती रडली. पोरगी घरी आल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिला गप्प केलं नाही. माझी पाठ भिंतीला भाजत होती. रडून झाल्यावर मी म्हणाले, "खाली चल. परात उघडी आहे, मुंग्या लागतील."

ती पुढं उतरली आणि खालून माझे पाय एकेका पायरीवर धरून ठेवत गेली.

खोलीत फोन अजून बोलत होता. तो पुन्हा हायड्रोजनपासून सुरू झाला होता. वन एस वन, एकटा. मग हेलियम, मग पुढचे. रेवा पलंगावर बसली, मी दाराला टेकले. बंद कर असं मी म्हणाले नाही आणि तिनंही केलं नाही. आवाज स्कँडियमला आला, टायटॅनियमला आला. क्रोमियम. अडला. खोकला आला, मागं टमाट्याचा भोंगा. या वेळी मला नीट ऐकू आलं की खोकला आवाजापासून थोडा लांबून येतोय. खोलीत दोघी आहेत, हे स्पष्ट कळत होतं. रेवानं फोन बंद केला.

संध्याकाळी दत्ता आला. दारातूनच म्हणाला, "आज आवाज नाही?" मी त्याला आणि मीनलला बसवून सगळं सांगितलं. मीनल खुर्चीवरून खाली फरशीवर बसली. "आई, मी सगळ्यांना फोनवरून ऐकवत होते हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. दत्ता उठून बाल्कनीचं दार लावून आला. मग म्हणाला, "पेपर चार दिवसांवर आलेत. वर्ष जाईल तिचं."

"जाऊ दे," मी म्हणाले. "वर्ष परत येतं. लावण्या आली का?"

रेवानं त्या वर्षी पेपर दिले नाहीत. गच्चीच्या जिन्याला दार केलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला तासभर बोलायला बोलावलं. घरातून कुणी ना कुणी सोबत जायचं, बहुतेक मीच. मी माझी खाट रेवाच्या खोलीत टाकली. मी जोरात घोरते, ते सगळ्यांना माहीत आहे. रेवा म्हणायची, आता वर कुणी कूस बदलली तरी ऐकू येणार नाही. पहिले काही दिवस ती तक्रार करायची. मग एका सकाळी म्हणाली, "आज्जी, काल तू घोरली नाहीस, मला जाग आली."

ते रेकॉर्डिंग तिनं पुसलं नाही. लावण्याच्या आईला पाठवलं. त्या बाईचा फोन आला, रेवा तेलुगूत बोलत होती, मला अर्धं कळलं. आई विचारत होती, यात तर तुझाच आवाज आहे, माझी मुलगी कुठाय? रेवा म्हणाली, ऐकत राहा अम्मा, क्रोमियमनंतर आहे.

रेवा आता फिजिओथेरपी करते. सिकंदराबादला एका दवाखान्यात जाते, नवराही तिथलाच. रविवारी येऊन माझे गुडघे दाबते आणि त्या जिन्याला शिव्या घालते. रोज संध्याकाळी फोन करते. नुसता आवाज ऐकून माझं भागत नाही. मी विचारते, समोर काय दिसतंय? ती सांगते, सिग्नल, एक म्हैस, बसमधली बाई शेंगा खातेय. तिला माहीत आहे मी का विचारते. एकदा वैतागून म्हणाली, "समोर भिंत आहे, आज्जी. कोरी भिंत." मी म्हणाले, रंग कुठला? ती म्हणाली, पिवळा, पोपडे आलेला. तेव्हा मी फोन ठेवला.

यंदा वरच्या भाडेकरणीची मुलगी इंटरला आहे. आमच्या संगतीनं तीही मोठ्यानं म्हणायला शिकली. काल मी चिंच फोडत होते आणि जिन्यातून तिचा आवाज येत होता. स्कँडियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम. क्रोमियमला अडली. मी हातातलं काम थांबवून वाट बघितली. खोकला येणार नव्हता, ते मला माहीत होतं. तरी बघितली. मग हात न धुता उठले आणि जिना चढून तिचं दार वाजवलं.

आवाज थांबला. तिनं दार उघडलं, हातात पेन, केस विस्कटलेले. "क्या हुआ, मामी? अब मेरे को फिर शुरू से बोलना पड़ेगा."

"बोल शुरू से," मी म्हणाले. "तुझे देखने आई थी. दिख गई, बस."

तिनं दाराला लागलेली चिंच बघितली आणि ओढणीनं पुसली. मी खाली आले. वरून पुन्हा हायड्रोजन सुरू झालं.

त्या वर्षी लावण्या गेली. रेवा वाचली. मीही आहे.